वारीसाठी फ्लोटर सँडल: बुटांपेक्षा बरे, पण चिखल सांभाळा
आळंदी ते पंढरपूर साधारण 250 किलोमीटर, त्यात आषाढातला पाऊस. बूट भिजले की मुक्कामावर रात्रभरात वाळत नाहीत. ओली कातडी मऊ पडते, घासते आणि फोड येतात. तीन वेल्क्रो पट्ट्यांचे फ्लोटर इथे सरस. टाचेची पट्टी मात्र हवीच, नुसती चप्पल दिवेघाटाच्या चढावर सटकते. चालून पाय सुजतात, म्हणून माप संध्याकाळी घ्यावं, पुढे बोटभर जागा ठेवून. खोट एकच, पण छळणारी: वेल्क्रोत चिखल बसला की पकड जाते. जुन्या टूथब्रशने रोज साफ करा. पातळ मोजे घातले तर पट्टी काचत नाही (दिसतं विचित्र, दिसू द्या). नवी जोडी थेट आळंदीत काढू नका. आधी 40-50 किलोमीटर वापरून घ्या.