तोंडाने प्रोग्रॅमिंग: आठ महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या जूनमध्ये माझ्या उजव्या मनगटाने असहकार पुकारला. सोळा वर्षे रोज आठ-दहा तास कीबोर्ड बडवल्यावर अंगठ्यापासून मधल्या बोटापर्यंत मुंग्या येऊ लागल्या, रात्री त्या मुंग्यांनीच जाग येऊ लागली, आणि हाडांच्या डॉक्टरांनी मनगटाला पट्टा बांधून टायपिंग निम्म्यावर आणायला सांगितले. प्रोग्रॅमरने टायपिंग निम्मे करायचे म्हणजे काम निम्मे करायचे, आणि ते परवडणारे नव्हते. म्हणून आवाजाने काम करण्याचा मार्ग धरला. तेव्हापासून दोन गोष्टी रोज वापरात आहेत: कोड लिहिण्यासाठी टॅलन नावाचे सॉफ्टवेअर, आणि आई-बाबांच्या सोयीसाठी हॉलमधल्या टॅबलेटवर सुरू करून ठेवलेला, मराठी बोलणारा व्हॉइस असिस्टंट. टॅलन पहिल्याच दिवशी सांगते की आधी माझी भाषा शिका. असिस्टंट म्हणतो की तुम्ही हवे तसे बोला. आज माझा भरवसा टॅलनवर आहे, आणि असे का झाले ते सविस्तर लिहितो.

टॅलन फुकट मिळते. त्याचा गाभा खुल्या स्रोताचा नाही, म्हणजे त्याचा मूळ कोड कोणालाही पाहता-बदलता येत नाही, पण आज्ञांचा जो मोठा संच वापरला जातो तो वापरकर्त्यांनीच मिळून लिहिलेला आहे आणि त्यातली प्रत्येक फाइल उघडून बदलता येते. आवाज ओळखण्याचे काम आपल्याच संगणकावर होते, इंटरनेटवरून कुठे जाऊन येत नाही. शिकण्याची सुरुवात मुळाक्षरांपासून करावी लागते. इंग्रजीतली बी, सी, डी, ई, पी, टी ही अक्षरे कानाला जवळजवळ सारखीच लागतात, म्हणून प्रत्येक अक्षराला एक छोटा, सुटा शब्द दिलेला आहे: ए म्हणजे एअर, बी म्हणजे बॅट, सी म्हणजे कॅप, डी म्हणजे ड्रम, क्यू म्हणजे क्वेंच, एक्स म्हणजे प्लेक्स. वायरलेसवर पोलीस आणि वैमानिक वापरतात ते 'नोव्हेंबर', 'सिएरा' वगैरे शब्द इथे मुद्दाम टाळले आहेत, कारण दिवसाला शेकडो अक्षरे उच्चारायची असतील तर शब्द एकाच झटक्यात संपणारा हवा. पहिले दोन आठवडे मी आंघोळ करतानाही ही बाराखडी घोकत होतो.

त्यापुढे कोडमधली अनेक शब्दांची नावे सलग जोडून लिहिण्याच्या आज्ञा येतात. शब्द खालच्या रेघेने जोडायचे असतील तर आधी 'स्नेक' म्हणायचे, प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर मोठे हवे असेल तर 'हॅमर', पहिला शब्द सोडून बाकीच्यांचे मोठे हवे असेल तर 'कॅमल'. कर्सर ओळीत कुठेही असो, 'स्लॅप' म्हटले की तो ओळीच्या शेवटी जातो आणि खाली नवी ओळ उघडतो. हे सगळे ऐकायला भूतबाधेसारखे वाटते. शेजारच्या काकूंनी एकदा आईला विचारलेही की हा दिवसभर कोणाशी भांडतो. पहिल्या आठवड्यात माझा वेग हाताच्या वेगाच्या चौथा हिस्साही नव्हता, आणि दोनदा मी चिडून पट्टा काढून सरळ टाइप केले, त्याचे फळ रात्री मनगटाने दिले. साधारण तिसऱ्या महिन्यात आज्ञा विचार न करता तोंडात येऊ लागल्या. आज नवा कोड लिहिताना मी पूर्वीच्या दोन-तृतीयांश वेगाने जातो, आणि जुना कोड वाचत, हलवत, दुरुस्त करत असताना फरक जवळजवळ जाणवत नाही.

मराठी जिभेचा प्रश्न इथेही येतोच. डब्ल्यूसाठी 'व्हेल' हा शब्द आहे आणि माझ्या तोंडून तो दर वेळी वेगळाच पडतो, कारण इंग्रजीतले दोन वेगळे 'व' आपल्याला लहानपणापासून एकच असतात. मी अक्षरांची फाइल उघडली, तो शब्द खोडला, तिथे 'विस्की' लिहिले, आणि प्रश्न दोन मिनिटांत संपला. सकाळी देवपूजा चालू असताना खोलीतून खणखणीत आवाजात 'विस्की, विस्की' ऐकू येणे आईला अजून पटलेले नाही, पण तो सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. माइक झोपवायला, म्हणजे त्याचे ऐकणे थांबवायला, विसरणे हाही माझाच दोष. एकदा कमिटचा संदेश, म्हणजे कोडमधला बदल जतन करताना त्यासोबत कायमची नोंदली जाणारी टीप, सांगता सांगता मी बायकोशी गवार आणायची की भेंडी यावर बोललो आणि ते संभाषण निरर्थक इंग्रजी शब्दांच्या रूपात कायमचे नोंदले गेले. टीममधल्या एका मुलाने त्याचा अर्थ विचारला तेव्हा मी ती जुनी परंपरा असल्याचे सांगितले.

आवाजाने काम करायचे तर घसा आणि भोवतालची शांतता या दोन गोष्टी लागतात. आमचे घर नदीपात्रापासून फार लांब नाही, त्यामुळे आषाढापासून गणपतीपर्यंत संध्याकाळी ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की माझे काम थांबते. चांगला, तोंडाजवळ राहणारा माइक घेणे अपरिहार्य आहे, आणि दिवसाला चार तासांपेक्षा जास्त बोलू नये, कारण मनगट वाचवून घसा घालवण्यात अर्थ नाही. उलट गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते आणि राउटर बंद पडतो, तेव्हा लॅपटॉपच्या बॅटरीवर टॅलन पूर्ववत चालते, तर हॉलमधला असिस्टंट 'सध्या काहीतरी अडचण आहे' एवढेच म्हणत राहतो.

आता त्या असिस्टंटविषयी. तो 'तुम्ही' म्हणून आदराने बोलतो, आवाज गोड आहे, आणि आई त्याला 'अगं बाई, जरा थांब की' असे म्हणते, कारण आवाज बाईचा आहे. 'किचनचा लाइट बंद कर' हे वाक्य त्याला दर वेळी कळते. 'स्वयंपाकघरातला दिवा मालव' म्हटले की तो दिव्यांविषयी माहिती वाचून दाखवू लागतो. भजने लावणे, हवामान विचारणे, कुकरसाठी दहा मिनिटे मोजणे यात त्याने कधी घोळ घातला नाही.

घोळ वेळेच्या शब्दांत झाला. बाबांना रक्तदाबाची गोळी रात्री पावणेनऊला लागते. त्यांनी पहिल्या दिवशी स्पष्ट, सावकाश सांगितले, "रोज रात्री पावणेनऊला गोळीची आठवण कर." उत्तर आले की रोज रात्री नऊ वाजता आठवण करून दिली जाईल. बाबांनी पुन्हा सांगितले, उत्तर तेच. साडेआठ म्हटले तर बरोबर साडेआठ. सव्वाआठ कधी बरोबर, कधी आठ. दीड तासाने सांगितलेले एका तासाने वाजले. मी स्वतः उच्चार तोडून 'पावणे' आणि 'नऊ' असे वेगळे सांगून पाहिले, तेव्हा त्याने मला पाव, म्हणजे ब्रेड, कुठे मिळेल ते विचारले. पाव, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच हे शब्द बाजारात, बसस्टँडवर, लग्नाच्या मुहूर्तात रोज लागतात. ते ज्याला येत नाहीत त्याला मराठीतली वेळ येत नाही, असे म्हणावे लागते.

आकड्यांतही तेच. फोनवरच्या मराठी श्रुतलेखनात मी एकोणऐंशी म्हटले की बहुतेक वेळा पडद्यावर ८९ उमटतात. एकोणऐंशी म्हणजे ऐंशीला एक उणे, हे ज्याने पाठ केले नाही त्याला शब्दातला ऐंशी ऐकून ऐंशीच्या पुढचे काहीतरी वाटते. आपल्या मुलांनाही हे अवघड जाते, म्हणून २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' असे वाचन सुचवले तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. माझा तेव्हा त्या बदलाला विरोध होता. आता मी फोनला 'सात नऊ' असे सुटे आकडे सांगतो, त्यामुळे बोलण्याचा नैतिक अधिकार मी गमावला आहे. 'वाऱ्याने'चे 'वार्याने' होणे आणि 'पूर्णविराम' हा शब्दच वाक्याच्या शेवटी टाइप होणे या किरकोळ तक्रारी आहेत, त्या हाताने दुरुस्त होतात.

कारण अनाकलनीय नाही. ओपनएआय या कंपनीने २०२२ मध्ये बोलणे ऐकून लिहून काढणारे व्हिस्पर हे मॉडेल खुले केले तेव्हा ते ६ लाख ८० हजार तासांच्या ध्वनिमुद्रणावर शिकवल्याचे सांगितले होते. त्यातले इंग्रजी सोडून इतर ९६ भाषांतले बोलणे त्याच भाषेत लिहून काढायला शिकवणारे तास सगळे मिळून १ लाख १७ हजार होते. २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख लोकांची मातृभाषा असलेल्या मराठीच्या वाट्याला अशा वाटणीत किती येत असेल याचा अंदाज करता येतो. तासांची कमतरता मी समजू शकतो. असिस्टंटची चूक मला दुरुस्त करता येत नाही, ही माझी खरी तक्रार आहे. 'व्हेल'चे 'विस्की' करायला मला फाइल उघडता आली. 'पावणे' म्हणजे पाऊण तास आधीचा नव्हे, पाव तास आधीचा, हे सांगायला इथे 'अभिप्राय पाठवा' या बटणाखेरीज जागा नाही. ते मी अकरा वेळा दाबले आहे. दर वेळी आभार मानले गेले.

मनगट आता बरेच बरे आहे, पट्टा फक्त रात्री लावतो, आणि तरीही टॅलन सोडलेले नाही. ज्यांना हाताचा त्रास सुरू झाला आहे त्यांनी तो वाढण्याआधीच ही बाराखडी शिकायला घ्यावी, कारण दुखऱ्या हाताने आणि चिडलेल्या डोक्याने ती शिकणे फार जड जाते. असिस्टंट भजनांपुरता ठेवला आहे. मधल्या काळात बाबांनी हार मानून त्याला 'आठ पंचेचाळीस' म्हणायला सुरुवात केली होती, आणि गोळीची वेळ तेवढी बरोबर लागूही लागली. पण एके दिवशी जेवायला बसताना ते आईलाही म्हणाले, "आठ पंचेचाळीस झाले, वाढ." दुसऱ्या दिवशी आईने कपाटातून किल्लीचे जुने गजराचे घड्याळ काढले, गजराचा काटा आठ आणि नऊच्या मध्ये, नऊकडे थोडा जास्त सरकवला, आणि ते टॅबलेटच्या शेजारी मांडून ठेवले.