टू किल अ मॉकिंगबर्ड : कणव कोणी कोणाची करायची?

हार्पर ली यांची ही कादंबरी १९६० साली आली आणि १९६१चं पुलित्झर पारितोषिक घेऊन गेली. मुंबईत ती शोधत फिरावं लागत नाही. फोर्टच्या पदपथावर, माटुंग्याला किंग्ज सर्कलजवळच्या जुन्या पुस्तकवाल्यांकडे किंवा मोठ्या दुकानातल्या क्लासिक्सच्या फळीवर ती सापडते. वाचनगटात कुणीतरी तिचं नाव सुचवतंच. मग चर्चा होते ती बहुधा तिसऱ्या प्रकरणातल्या वकील ॲटिकस फिंचच्या उपदेशाची: समोरच्याच्या कातडीत शिरल्याशिवाय माणूस कळत नाही. उपदेश चांगला आहे, पण तेवढ्यासाठी तीनशे पानं वाचायची गरज नाही. पुस्तकाचे पैसे वसूल होतात ते एकोणिसाव्या प्रकरणात. (खटल्याचा निकाल आधी कळायला नको असेल, तर थेट शेवटचे दोन परिच्छेद वाचा.)

काळ १९३०च्या दशकातल्या मंदीचा, गाव अमेरिकेच्या दक्षिणेतल्या अलाबामातलं मेकम्ब. टॉम रॉबिन्सन हा पंचवीस वर्षांचा काळा शेतमजूर, घरी बायको आणि तीन मुलं. मेएला युएल या एकोणीस वर्षांच्या गोऱ्या मुलीवर बलात्कार केल्याचा आरोप त्याच्यावर आहे आणि या गुन्ह्याला तिथे मृत्युदंड होऊ शकतो. ॲटिकसने हे वकीलपत्र आपणहून घेतलेलं नाही, न्यायाधीश टेलर यांनी त्याला नेमलंय. सगळं सांगते त्याची मुलगी स्काउट. सुरुवातीला ती सहाएक वर्षांची आहे आणि शेवटी नवाच्या उंबरठ्यावर.

खटला प्रकरण १७ ते २१ मध्ये आहे, आणि तो घाईने वाचला तर पुराव्याची बांधणी हातून निसटते. शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, साक्षीत सांगतो की डॉक्टरला बोलावलंच नव्हतं. मारहाणीच्या खुणा कुठल्या बाजूला होत्या, हे सांगताना तो आधी डावी म्हणतो आणि मग सुधारून उजवी. पुढे मेएलाचा बाप बॉब युएल याला कोर्टात सही करायला लावतात, ती तो डाव्या हाताने करतो. टॉमचा डावा हात तर लहानपणी कापसाच्या जिनमध्ये सापडून कायमचा निकामी झालेला. गटात वाचत असाल तर दोघांना समोरासमोर उभं करा आणि उजव्या डोळ्यावर ठोसा कुठल्या हाताने सहज बसतो ते करून बघा. लेखिकेने ही गोष्ट शब्दांत फोडून सांगायच्या आधी वाचकाला ती स्वतःच दिसावी, अशी रचना आहे. लक्ष विचलित झालं तर प्रकरण १८मध्ये टॉम उभा राहतो तो क्षण फुकट जातो.

आता एकोणिसावं प्रकरण. सरकारी वकील गिल्मर टॉमला विचारतो, पैसे न घेता तू त्या पोरीची कामं का करत होतास? टॉम म्हणतो, मला तिची दया येत होती. त्याची बाजू तिथेच कोसळते. मेएला खरोखरच एकटी आहे. धाकट्या भावंडांना आइस्क्रीमला धाडून घर रिकामं करता यावं म्हणून तिने वर्षभर सात निकल, म्हणजे पस्तीस सेंट, साठवलेले असतात. तिच्या जागी उभं राहून बघणारा गावात एकच माणूस निघतो, आणि काळ्या माणसाने गोऱ्या बाईची कीव करावी हाच त्याचा खरा अपराध ठरतो. ॲटिकसचा उपदेश इथे उलटा होऊन समोर येतो: सहानुभूती वाटण्याचा परवाना सगळ्यांकडे नसतो. ‘माणुसकीचा संदेश’ असं लिहिणाऱ्या परीक्षणांत हा भाग बहुतेक वेळा सुटलेला असतो.

मुंबईच्या वाचकाने ज्युरीचा भाग नौदल अधिकारी नानावटींवरचा खुनाचा खटला आठवून वाचावा. १९५९ मध्ये इथल्या नऊ जणांच्या ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं, तेव्हा न्यायाधीशांनी असहमत होऊन प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं आणि तिथे शिक्षा झाली. मेकम्बच्या कोर्टात बारा गोरे पुरुष एकमताने ‘दोषी’ म्हणतात आणि टेलरसाहेब प्रत्येकाचं मत वाचून दाखवतात. निकालाला लागलेले काही तास हीच काय ती जमेची बाजू, आणि तेही कनिंगहॅम कुळातल्या एका माणसाने सुटकेचा आग्रह धरल्यामुळे. पंधराव्या प्रकरणात टॉमला मारायला तुरुंगाबाहेर आलेल्या जमावातल्या कनिंगहॅमला स्काउट त्याच्या मुलाची विचारपूस करून परतवते, त्याचा धागा इथवर येतो. टॉम मात्र पुढे तुरुंगाच्या कुंपणावर चढताना सतरा गोळ्यांनी मरतो.

नैतिक धैर्य म्हटलं की सगळा प्रकाश ॲटिकसवर पडतो. मला बाजूची माणसं जास्त मोलाची वाटतात. टॉमचा गोरा मालक लिंक डीस भर कोर्टात उठून टॉमच्या बाजूने ओरडतो आणि बाहेर काढला जातो. संपादक अंडरवुडला काळी माणसं आवडत नाहीत, तरी जमावाच्या रात्री तो बंदूक घेऊन खिडकीत राखण करतो. रेव्हरंड साइक्स टॉमच्या बायकोसाठी दहा डॉलर जमेपर्यंत चर्चची दारं बंद करून ठेवतात. ॲटिकस मात्र जमावातल्या माणसालाही ‘मुळात चांगला’ म्हणून सोडून देतो. हा चांगुलपणा की डोळेझाक, यावर गटात भांडण व्हायला हवं.

पुस्तकाची मोठी उणीव टॉमच्याच बाबतीत आहे. घरात कोंडून राहणारा शेजारी बू रॅडली याच्या ओसरीवर उभी राहून स्काउट त्याच्या नजरेने गल्ली बघते, टॉमच्या वाट्याला असं एकही पान नाही. साक्षीच्या पिंजऱ्याबाहेर तो बोलताना जवळजवळ दिसतच नाही. फिंचांची काळी स्वयंपाकीण कॅल्पर्निया घर चालवते, ब्लॅकस्टोनच्या कायद्याच्या पुस्तकावरून स्वतःच्या मुलाला वाचायला शिकवते, पण तिला काय वाटतं ते कळायला बारावं प्रकरण सोडलं तर फारशी जागा नाही. त्यामुळे जातीबद्दल बोलायचं सोयीचं साधन म्हणून ही कादंबरी वर्गात वापरू नका. दलित पँथर ज्या शहरात १९७२ साली उभी राहिली, तिथे त्यासाठी भला गोरा वकील आयात करावा लागत नाही. उलट चोविसावं प्रकरण आपल्याकडे नेमकं लागू पडतं. मिशनरी मंडळातल्या बायका दूरच्या मृना जमातीसाठी डोळे पुसतात आणि त्याच दमात घरच्या मोलकरणीचं तोंड फुगलंय म्हणून चिडतात. ज्या सोसायटीत घरकामाच्या बायकांना वेगळी लिफ्ट आहे, तिथल्या हॉलमध्ये हे मोठ्याने वाचून बघा.

वाचायला सोपी आहे का? पहिलं प्रकरण घराण्याच्या इतिहासाने जड झालंय आणि दक्षिणेकडची बोली कानाला बसेपर्यंत वेळ जातो, म्हणून तिथेच पुष्कळ जण सोडतात. पात्रांची यादी कागदावर करा आणि निदान दहाव्या प्रकरणातल्या पिसाळलेल्या कुत्र्यापर्यंत या. गटासाठी चार बैठका पुरतात: १ ते ११, १२ ते १६, १७ ते २१ आणि उरलेलं. काळ्यांसाठीची शिवी पानोपानी येते. वर्गात मोठ्याने वाचणार असाल तर ती वाचायची की गाळायची हे आधीच ठरवा, ऐनवेळी शिक्षक अडखळले की मुलं हसतात. मिसिसिपीतल्या बिलॉक्सीच्या शाळांनी २०१७ मध्ये आठवीच्या धड्यांतून हे पुस्तक काढलं, ते भाषेवरूनच.

घेताना तीन गोष्टी तपासा. प्रकरणं ३१ हवीत आणि दुसरा भाग १२व्या प्रकरणापासून सुरू व्हायला हवा, नाहीतर प्रत संक्षिप्त किंवा पानं गळलेली आहे. पदपथावरच्या स्वस्त प्रतींत शाई फिकट असते आणि पाठीचा डिंक लवकर सुटतो, तेव्हा मधोमध उघडून पाठ ताणून बघा. आणि २०१५ साली आलेलं ‘गो सेट अ वॉचमन’ सोबत खपवत असतील तर आधी ते वाचू नका. त्यातला म्हातारा ॲटिकस वर्णभेदाची बाजू घेतो, आणि ते माहीत झाल्यावर हे पुस्तक कोऱ्या मनाने वाचता येत नाही. १९६२चा ग्रेगरी पेकचा सिनेमाही नंतरच बघावा. त्यात अलेक्झांड्रा आत्याच नाही, त्यामुळे तिने घरी बोलावलेलं मिशनरी मंडळही नाही.