कन्कशननंतर मुलांचा खेळ: संपूर्ण विश्रांती, लवकरची हलकी हालचाल आणि ठरावीक मुदत

कबड्डीत पकड होताना डोके जमिनीवर आपटते, सीझन बॉल हेल्मेटवर आदळतो किंवा सायकलवरून पडून डोक्याला मुका मार लागतो आणि डॉक्टर कन्कशनचे, म्हणजे डोक्याला बसलेल्या माराने मेंदूचे काम बिघडल्याचे, निदान करतात. त्यानंतर पालकांना दोन टोकांचे सल्ले मिळू लागतात. त्रास पूर्ण थांबेपर्यंत मुलाला अंधाऱ्या खोलीत पडून राहू द्यावे, असे काही जण सांगतात, तर सीटी स्कॅन स्वच्छ आला असेल तर दोन दिवसांत सरावाला पाठवायला हरकत नाही, असे इतर सांगतात. या दोन्ही सल्ल्यांत एकच गफलत आहे. शरीराला पडणारा श्रम आणि डोक्याला पुन्हा मार लागण्याचा धोका या वेगवेगळ्या गोष्टी असून त्यांचा निर्णयही वेगवेगळा घ्यावा लागतो. हलका श्रम लवकर सुरू करता येतो. मार लागू शकेल असा खेळ मात्र उशिराच सुरू करायचा असतो.

लगेच सामन्यात उतरण्याचा पर्याय प्रथम बाजूला ठेवावा. सीटी स्कॅन रक्तस्राव किंवा हाडाचा भंग दाखवतो. कन्कशनमध्ये बिघडते ते मेंदूचे काम, आणि तो बिघाड सामान्य स्कॅनमध्ये दिसत नाही. त्यामुळे रिपोर्ट स्वच्छ आहे म्हणजे इजा झालेली नाही, असे मानता येत नाही. मार लागल्यावरही खेळत राहिलेल्या किशोरवयीन खेळाडूंना बरे होण्यास, तत्काळ मैदानाबाहेर काढलेल्यांपेक्षा सुमारे दुप्पट काळ लागल्याचे अभ्यासात दिसले आहे. याहून गंभीर परिणामही झालेले आहेत. कॅनडातील ओटावा येथील रोवन स्ट्रिंगर ही 17 वर्षांची रग्बी खेळाडू 2013 मध्ये, थोड्याच दिवसांच्या अंतराने डोक्याला पुन्हा पुन्हा मार लागल्यानंतर मरण पावली आणि तिच्या नावाने 2018 मध्ये ओंटारियो प्रांताने कन्कशनविषयीचा कायदा केला. पहिली इजा भरून येण्याआधी बसलेला दुसरा मार कोवळ्या मेंदूला किती महाग पडू शकतो, हे या एका घटनेवरून कळावे. निवड चाचणी कितीही जवळ असली तरी या पर्यायाचा विचार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

संपूर्ण विश्रांतीचा सल्ला मात्र मायेपोटी दिला जातो आणि अनेक वर्षे डॉक्टरही तोच देत असत, म्हणून त्याकडे अधिक बारकाईने पाहिले पाहिजे. अमेरिकेतील मिलवॉकी येथे 11 ते 22 वयोगटातील रुग्णांवर झालेल्या आणि 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एका गटाला पाच दिवस कडक विश्रांती सांगण्यात आली, तर दुसऱ्याला नेहमीप्रमाणे एक-दोन दिवस विश्रांती घेऊन हळूहळू व्यवहार सुरू करण्यास सांगण्यात आले. कडक विश्रांती घेणाऱ्यांनी अधिक त्रास नोंदवला आणि तो ओसरण्यासही अधिक वेळ लागला. याचे कारण समजण्यासारखे आहे: दिवसभर पडून राहिलेल्या मुलाची रात्रीची झोप बिघडते, दम कमी होतो, मित्र दुरावतात, मन खिन्न होते आणि लक्ष सतत दुखणाऱ्या डोक्याकडेच लागून राहते.

लवकरच्या हलक्या हालचालीच्या बाजूने मिळालेला पुरावा आता चांगला भक्कम आहे. कॅनडातील नऊ आपत्कालीन विभागांत आलेल्या 5 ते 18 वयोगटातील 2,413 मुलांच्या अभ्यासात, पहिल्या सात दिवसांत काही ना काही शारीरिक हालचाल सुरू केलेल्यांपैकी 24.6 टक्के मुलांना 28 दिवसांनंतरही त्रास होत होता, तर न केलेल्यांत हे प्रमाण 43.5 टक्के होते. ज्यांना मुळात त्रास कमी होता तीच मुले लवकर हलली असतील, अशी रास्त शंका येथे घेता येते. परंतु त्यानंतर 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 13 ते 18 वयाच्या 103 खेळाडूंची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे विभागणी केली गेली होती. त्यात त्रास फारसा वाढणार नाही इतका एरोबिक, म्हणजे चालण्या-सायकलीसारखा हृदयाची गती वाढवणारा, व्यायाम करणारे साधारण 13 दिवसांत बरे झाले, तर केवळ अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्यांना 17 दिवस लागले. असे बहुतेक प्रयोग किशोरवयीन मुलांवर झालेले आहेत. सात-आठ वर्षांच्या मुलाला व्यायामाची मर्यादा म्हणून नाडीचे आकडे देऊन उपयोग नसतो. त्याचे चिडचिडणे, पेंगणे आणि खेळातून आपणहून बाजूला होणे यांवरच पालकांनी लक्ष ठेवावे.

अॅमस्टरडॅम येथे 2022 मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या सहमतीनुसार खेळाकडे पायरीपायरीने परतावे. पहिल्या पायरीवर 24 ते 48 तास सापेक्ष विश्रांती घ्यावी, म्हणजे घरात वावरावे, थोडे चालावे आणि मोबाइल-टीव्ही कमी करावा. त्यानंतर दुसऱ्या पायरीवर चालणे किंवा जागेवरची सायकल सुरू करावी. आरंभी कमाल हृदयगतीच्या सुमारे 55 टक्क्यांपर्यंत आणि पुढे 70 टक्क्यांपर्यंत श्रम वाढवता येतात. वय 220 मधून वजा केले की कमाल गतीचा अंदाज मिळतो, त्यामुळे 14 वर्षांच्या मुलासाठी या मर्यादा मिनिटाला सुमारे 113 आणि 144 ठोके इतक्या येतात. व्यायामाने डोकेदुखी थोडी वाढली तर घाबरण्याचे कारण नाही: शून्य ते दहाच्या मापावर वाढ दोनपेक्षा जास्त नसावी आणि ती तासाभरात ओसरावी. त्याहून अधिक वाढली तर त्या दिवशी थांबून दुसऱ्या दिवशी पुन्हा प्रयत्न करावा. तिसऱ्या पायरीवर एकट्याने धावणे आणि दिशा बदलणे येते. तेथे डोक्याला मार लागण्याचा संभव असेल तर आधीच डॉक्टरांची परवानगी घ्यावी. चौथ्या पायरीपासूनचा अवघड सराव, अंगाला अंग भिडणारा सराव आणि सामना हे सर्व मात्र, त्रास पूर्ण संपल्यावर आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच होते. प्रत्येक पायरीला किमान 24 तास द्यावेत. मूल पूर्ण वेळ शाळेत बसू लागल्याशिवाय त्याला सामन्यात उतरवू नये. वर्गात डोके धरून बसणाऱ्या मुलाला मैदानावर पाठवण्यात अर्थ नाही.

काही देशांनी याला मुदतीची जोड दिली आहे. ब्रिटनच्या 2023 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार हौशी खेळाडूने इजेनंतर 21 दिवसांच्या आत स्पर्धेत उतरू नये आणि विश्रांतीच्या स्थितीत 14 दिवस त्रासमुक्त राहिल्याशिवाय डोक्याला धोका असलेला सरावही करू नये. केवळ लक्षणांवर विसंबण्यापेक्षा मला मुलांसाठी ही मुदत अधिक सुरक्षित वाटते, कारण संघात जागा टिकवू पाहणारा पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी ‘आता काही दुखत नाही’ असे सहज सांगते आणि आपल्याकडे बहुतेक शाळांच्या मैदानावर ते पडताळणारे वैद्यकीय कर्मचारी नसतात. मात्र ही मुदत सामन्यासाठी आहे. चालणे सुरू करण्यासाठी ती संपण्याची वाट पाहू नये.

वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटके, मानेत तीव्र वेदना, हातापायात अशक्तपणा, गोंधळलेले बोलणे किंवा जागे करण्यास कठीण अशी गुंगी यांपैकी काहीही दिसले तर हे सर्व पर्याय बाजूला ठेवून तत्काळ रुग्णालय गाठावे. चार आठवड्यांनंतरही त्रास टिकून असेल तर आणखी विश्रांती देत बसू नये. मान, तोल, डोळ्यांची हालचाल, झोप आणि मनःस्थिती यांची तपासणी करू शकणाऱ्या तज्ज्ञांकडे मुलाला न्यावे, कारण यांपैकी अनेक तक्रारींवर फिजिओथेरपीसारखे नेमके उपचार करता येतात.