दिवाळीपासून घरात लिनक्स मिंट: भरवसा ठेवावा का?

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला. इंदिरानगरच्या आमच्या घरातला डेस्कटॉप सहाव्या पिढीच्या आय-5 चा. विंडोज 11 ला इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर आणि टीपीएम 2.0 ही सुरक्षेची चिप लागते. धडधाकट मशीन भंगारात घालायला जीव होईना, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत विंडोजच्या जागी लिनक्स मिंट 22.2 ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. तेव्हापासून घरातले सगळे मिंटच वापरतात.

रोजच्या कामात मिंटने दगा दिलेला नाही. बाबा बँकेचं बघतात, निफाडच्या शेताचा सातबारा काढतात, यूट्यूबवर कीर्तनं ऐकतात. मेनू खाली डाव्या कोपऱ्यात आहे, त्यामुळे त्यांना वेगळं काही शिकवावं लागलं नाही. मराठी टायपिंगचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड सेटिंगमधूनच जोडता आला. अपडेट कधी करायचं हे आपण ठरवतो. काम चालू असताना मशीन आपणहून रीस्टार्ट होत नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

खरी परीक्षा झाली ती वळवाच्या पावसात. अपडेट चालू असताना लाइट गेली. परत आल्यावर काळा स्क्रीन आणि त्यावर पांढरी अक्षरं, डेस्कटॉप येईचना. मिंटच्या पेनड्राइव्हवरून मशीन सुरू केलं, टाइमशिफ्ट हे सिस्टिमची प्रत जपून ठेवणारं मिंटमधलं साधन उघडून आधीचा स्नॅपशॉट, म्हणजे जपलेली प्रत, निवडला आणि रिस्टोअर दाबलं. चहा होईपर्यंत सगळं पूर्ववत. टाइमशिफ्ट मूळ सेटिंगमध्ये आपल्या फायलींना हात लावत नाही, त्यामुळे फोटो, कागदपत्रं जिथल्या तिथे होती. पण त्या वेळी बाबा घरी एकटे असते तर ते तिथेच अडकले असते. शिवाय टाइमशिफ्ट पहिल्याच दिवशी चालू करून ठेवलेलं असावं लागतं. डेस्कटॉपला यूपीएसही हवाच.

अडचण येते ती आजूबाजूच्या गोष्टींची. आमच्या जुन्या लेझर प्रिंटरला दिलेलं काम रांगेतच पडून राहायचं. नवा वायफाय प्रिंटर मात्र ड्रायव्हर न टाकता आपोआप सापडला. बायको शाळेच्या प्रश्नपत्रिका लिब्रेऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्या मोफत प्रोग्राममध्ये, करते. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतल्या फायली नीट उघडतात, पण वर्डमध्ये केलेले तक्ते कधीकधी सरकतात. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधल्या फायली तो फॉन्ट टाकल्याशिवाय वाचताच येत नाहीत. बाहेर पाठवायचं ते आम्ही पीडीएफ करूनच पाठवतो.

वहिनी टॅक्सची कामं घेतात. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर थेट लिनक्सवर चालत नाही आणि रिटर्नच्या शेवटच्या तारखेला डिजिटल सहीच्या टोकनशी झटापट करण्यात अर्थ नाही. त्यांचा लॅपटॉप विंडोजवरच ठेवलाय आणि तोच सल्ला मी कुठल्याही अकाउंटंटला देईन.

ब्राउझर, टायपिंग, व्हिडिओ एवढंच काम असेल आणि अडल्यावर हाक मारायला घरात कोणी जाणतं असेल, तर बिनधास्त टाका. मिंटच्या 22 च्या मालिकेला 2029 पर्यंत अपडेट आहेत. फक्त टाकण्याआधी पेनड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज आणि स्वतःचा प्रिंटर तपासून घ्या. तोवर हार्डडिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं राहतं.