उभा माऊस: आठ महिने वापरल्यावर

उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं रात्री बधिर व्हायची. हात झटकला की बरं वाटायचं. 'करंगळीला मुंग्या येतात का?' हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न. नाही म्हटल्यावर मनगटात नस चेपली जात असल्याचा (कार्पल टनेल सिंड्रोम) त्यांचा संशय पक्का झाला, कारण मनगटातल्या बोगद्यासारख्या अरुंद वाटेतून जाणारी मिडियन नस करंगळीपर्यंत पोचतच नाही. त्याच अरुंद वाटेने बोटं वळवणाऱ्या 9 कंडराही (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्या) जातात. मनगट वाकलेलं राहिलं की आतला दाब वाढतो आणि नस चेपली जाते. त्यांनी रात्री बांधायला मनगटाचा पट्टा दिला. उभा माऊस, म्हणजे हस्तांदोलन करताना असतो तसा हात ठेवून धरायचा माऊस, मी आपल्या मनानेच घेतला.

पहिला आठवडा नुसती चिडचिड. बटण खाली नाही, आडवं दाबायचं असतं, त्यामुळे प्रत्येक क्लिकला माऊसच सरकायचा. अंगठ्याने पलीकडून टेकू द्यायला शिकल्यावर जमलं. घाईत हात नेला की अजूनही तो आडवा पडतो. फोटोचं बारीक काम आजही जुन्या माऊसवरच करतो. आणि माप बघून घ्या. माझा पहिला इतका मोठा होता की बोटं ताणली जायची. बदलून घ्यावा लागला.

तिसऱ्या आठवड्यात कोपराखालचा ताण गेला. मुंग्या मात्र तशाच! उभ्या माऊसने हाताचा पीळ कमी होतो, मनगटाचा बाक आपोआप जात नाही. माझा खरा गुन्हेगार कीबोर्डखाली निघाला: मागचे दोन पाय. वर्षानुवर्षं ते उघडे ठेवून मी मनगट वर मुडपून टाइप करत होतो. पाय मिटले, फुकटात. मग आकड्यांचा भाग नसलेला कीबोर्ड घेतला, म्हणजे माऊस जवळ आला आणि खांदा मोकळा झाला. पॉइंटरचा वेगही वाढवला. जेलची उशी होतीच, पण टाइप करताना मी तिच्यावर नेमकं मनगटच दाबून ठेवायचो. आता थांबलो तरच टेकवतो, तेही तळव्याचा खालचा भाग.

दर अर्ध्या तासाचा अलार्म लावला होता. दोन आठवड्यांत तो न ऐकता बंद करायची सवय लागली. त्यापेक्षा पाण्याची बाटली लहान केली, आपोआप उठावं लागतं.

रात्रीच्या मुंग्या तिसऱ्या महिन्यात थांबल्या. श्रेय पट्ट्याचं, कीबोर्डचे पाय मिटल्याचं की माऊसचं, छातीठोक सांगता येणार नाही. हातातून वस्तू निसटत असतील किंवा अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट दिसत असेल, तर माऊस शोधत बसू नका, आधी डॉक्टर गाठा.

माऊस अजून टेबलावर आहे. फक्त अंगठ्याखालचं रबर चिकट व्हायला लागलंय.