ऑर्गनॉइड की उंदीर: मेंदूच्या उत्क्रांतीवर पीएचडी करणाऱ्यांसाठी

मानवी मेंदू कुठल्या जनुकांमुळे असा वाढला, हा विषय घेऊन पीएचडीला लागणारे विद्यार्थी सुरुवातीलाच एका प्रश्नावर अडतात. काम ऑर्गनॉइडवर (स्टेम पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या मेंदूच्या सूक्ष्म प्रतिकृतीवर) करायचं की उंदराच्या भ्रूणावर? विचारलं तर बहुतेक प्रयोगशाळा ‘दोन्ही’ म्हणतात. पण पहिली दोन-तीन वर्षं हात एकाच कामावर बसतो आणि थीसिसचा आकार तिथेच ठरतो. मी दोन्हीकडे काम केलंय आणि आता उंदरावर स्थिरावलोय, तेव्हा झुकतं माप कुणाला मिळणार ते आधीच समजून घ्या. ऑर्गनॉइडवाल्यांच्या काही मुद्द्यांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तेही सांगतो.

एआरएचजीएपी११बी या जनुकापासून सुरुवात करू, कारण ते दोन्ही वाटांनी तपासलं गेलंय. आपली वंशरेषा चिंपांझीपासून वेगळी झाल्यानंतर एआरएचजीएपी११ए या जुन्या जनुकाची अर्धवट नक्कल झाली आणि त्यातून हे आलं. पुढे त्याच्या डीएनएमध्ये एका जागी सी हे अक्षर जाऊन जी आलं. एवढ्याने स्प्लायसिंगची (आरएनए कापून जोडण्याची) नवी जागा तयार झाली, आरएनएमधली ५५ अक्षरं गळाली आणि प्रथिनाच्या टोकाला ४७ अमिनो आम्लांचा नवाच तुकडा लागला. ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत वीलांट हुट्नर यांच्या गटाने २०१५ मध्ये हे जनुक उंदराच्या भ्रूणात घातलं. बेसल पूर्वज पेशी (ज्यांच्या विभाजनातून चेतापेशी बनतात) वाढल्या, आणि एरवी सपाट असणाऱ्या मेंदूच्या कवचाला (कॉर्टेक्सला) साधारण निम्म्या भ्रूणांमध्ये घड्या पडल्या. मग हाच प्रयोग फेरेट या प्राण्यावर झाला, २०२० मध्ये मार्मोसेट माकडावर झाला. २०२२ मध्ये याच जनुकाने चिंपांझीच्या ऑर्गनॉइडमध्येही बेसल पूर्वज पेशी वाढवल्या.

म्हणजे उंदराने जी दिशा दाखवली तीच सात वर्षांनी ऑर्गनॉइडमध्येही दिसली. पण त्याच कामात मानवी ऑर्गनॉइडमध्ये या जनुकाच्या कामात अडथळा आणला, तेव्हा त्या पेशी कमी झाल्या. उंदरात हा प्रयोग करताच येत नाही, कारण जे जनुक त्याच्याकडे नाही ते काढणार कुठून? उंदीर सांगतो ‘हे जनुक असं करू शकतं’, ऑर्गनॉइड सांगतो ‘माणसाला ते लागतं’. तुमचा प्रश्न यातल्या कुठल्या बाजूचा आहे हे कागदावर लिहून काढा. पुढचं सगळं त्यानंतर.

आता मला ऑर्गनॉइड सोडायला लावणारी गोष्ट.

माणसाच्या आणि चिंपांझीच्या पूर्वज पेशी किती काळ विभाजित होत राहतात, असा माझा प्रश्न होता. दोन्हींचे ऑर्गनॉइड एकाच दिवशी, एकाच इन्क्युबेटरमध्ये, एकाच बाटलीतल्या मीडियावर (पोषक द्रवावर) लावायचो. पहिल्या बॅचमध्ये फरक इतका सुरेख आला की आलेख लगेच पीआयना (प्रयोगशाळेच्या प्रमुखांना) दाखवला. पुढच्या बॅचमध्ये तो निम्मा झाला. त्यानंतर एका मानवी लाइनमध्ये (एका व्यक्तीपासून वाढवलेल्या स्टेम पेशींमध्ये) रोझेट, म्हणजे पूर्वज पेशींच्या गोलाकार रचना, नीट बनेनात, दुसरीत कवचाऐवजी कोरॉइड प्लेक्सससारखी (मेंदूतला द्रव बनवणारी) ऊती वाढायला लागली. मग ऑर्गनॉइड ज्या जेलमध्ये रुजवतो त्याचा नवा लॉट आला आणि आधीचे सगळे आकडे सरकले. (हे जेल उंदराच्या गाठीतून काढतात, त्यामुळे त्याचे लॉट एकसारखे नसतात.) दर ग्रुप मीटिंगला एकच प्रश्न यायचा: हा फरक प्रजातीचा की बॅचचा? प्रश्न रास्त होता, म्हणूनच त्रास व्हायचा.

अधिक लाइन्स घ्या, अधिक क्लोन (एकाच पेशीपासून वाढवलेल्या प्रती) घ्या, असा सल्ला सगळे देतात आणि तो बरोबरही आहे. फक्त दोन माणसांच्या लाइन्समध्येच फरक एवढा निघतो की चिंपांझीचा फरक त्यात बुडून जातो. चिंपांझीच्या लाइन्स मुळात मोजक्या. वन्यजीवांच्या व्यापारावरचे आंतरराष्ट्रीय नियम त्यांच्या पेशींनाही लागू होतात, त्यामुळे एक नळी एका देशातून दुसऱ्या देशात न्यायची तरी कागदांचा गठ्ठा लागतो. त्यावर वेळेचा गोंधळ. माणसाचा मेंदू संथ वाढतो हे माहीत आहे, मग माणसाच्या चाळिसाव्या दिवसाशी चिंपांझीचा कितवा दिवस लावायचा? तो दिवस ज्या मार्करवरून (पेशीची अवस्था ओळखायच्या खुणेवरून) ठरवावा, तो मार्करच बॅचनुसार पुढे-मागे होतो.

याला उत्तर म्हणून पाओला आर्लोटा यांच्या गटाचा २०१९ चा निबंध तुमच्यासमोर ठेवला जाईल. ९५ टक्के ऑर्गनॉइडमध्ये पेशींचे प्रकार जवळजवळ एकसारखे मिळाले, असं त्यात दाखवलंय. तो निकाल मला मान्य आहे, आणि त्या पद्धतीने काम करायला मिळालं असतं तर माझा त्रास बराच कमी झाला असता. पण पेशींचे प्रकार सारखे असणं वेगळं आणि त्या प्रकारांचं प्रमाण व वेळ सारखी असणं वेगळं. उत्क्रांतीतले फरक बहुधा या दुसऱ्या जागीच असतात. एखादी पेशी एकदा जास्त विभाजित झाली, एवढाच तो फरक. शिवाय २०२० मध्ये अर्नॉल्ड क्रीगस्टाइन यांच्या गटाने दाखवलं की ऑर्गनॉइडमधल्या पेशी सतत ताणाखाली असतात आणि त्यामुळे त्यांची ओळख नीट पक्की होत नाही. इतक्या बारीक फरकाच्या मागे लागलेल्या माणसाला हे दोन्ही मिळून जड जातं. निदान मला गेलं.

उंदराकडे आल्यावर काय बदललं, तर कंट्रोल जवळ आला. साडेतेरा दिवसांच्या भ्रूणाच्या मेंदूच्या एका अंगाला विजेच्या झटक्याने (इलेक्ट्रोपोरेशनने) प्लाझ्मिड, म्हणजे जनुक वाहून नेणारं डीएनएचं वर्तुळ, घातलं की दुसरं अंग तसंच राहतं. क्रायोस्टॅटवर (गोठवलेल्या ऊतीचे पातळ काप करणाऱ्या यंत्रावर) कापलेल्या एकाच सेक्शनमध्ये डावीकडे प्लाझ्मिड मिळालेल्या हिरव्या पेशी, उजवीकडे मूळ कवच. आई तीच, रक्त तेच, अँटिबॉडीची बाटलीही तीच. अर्थात विजेच्या झटक्याचा आणि सुईचा परिणाम वेगळा काढण्यासाठी रिकामं प्लाझ्मिड घातलेली भावंडं लागतातच, पण तीही त्याच गर्भाशयातली असतात. मीटिंगमधला तो प्रश्न बंद झाला आणि त्याजागी दुसरा आला: ‘उंदरात दिसलं ते माणसात होतं कशावरून?’ हा प्रश्न मोठा आहे, पण त्यावर विचार करता येतो, पुढचा प्रयोग आखता येतो. बॅचवर विचार करून काही हाती लागत नाही.

उंदराच्या उणिवा मात्र मान्य करायला हव्यात. माणसात बेसल रेडियल ग्लिया (बेसल पूर्वज पेशींचा एक प्रकार) भरपूर, उंदरात अगदी थोड्या. त्यामुळे ज्या पेशीत जनुक काम करतं तीच पेशी पुरेशी नाही, असं होऊ शकतं. इलेक्ट्रोपोरेशनमध्ये जोरदार प्रमोटर (जनुक चालू करणारा डीएनएचा तुकडा) वापरला तर प्रथिन निसर्गात कधी नसेल इतकं बनतं, आणि परीक्षक हे विचारणारच. त्यावर स्थिर ट्रान्सजेनिक (जनुक कायमचं जीनोममध्ये घातलेला) उंदीर हा उपाय आहे, पण त्याला वेळ लागतो. २०२१ मध्ये एआरएचजीएपी११बी असलेले असे उंदीर आले. त्यांचं मोठं झालेलं कवच प्रौढपणीही टिकलं आणि बदलत्या परिस्थितीत नवं शिकण्यात ते सरस ठरले. वागणुकीचा हा पुरावा तर ऑर्गनॉइडकडून मिळणं शक्यच नाही.

काही जनुकांसाठी उंदीर घेऊच नये. एनओटीसीएच२एनएल हे त्यातलं ठळक उदाहरण. २०१८ मध्ये सांताक्रूझ आणि ब्रसेल्स इथल्या दोन गटांनी ते एकाच वेळी पुढे आणलं. गुणसूत्र १ वरच्या ज्या भागात त्याच्या प्रती आहेत, तो भाग गळाला तर डोकं लहान राहण्याकडे कल असतो आणि दुणावला तर मोठं होण्याकडे. ते काढून टाकल्यावर काय होतं हे मानवी ऑर्गनॉइडमध्येच पाहता आलं. जनुकाच्या प्रथिनात नव्हे, तर ते कधी आणि किती चालू होतं यात फरक असेल, तरी मानवी पेशीच लागतात. तिथेही माणूस आणि चिंपांझी यांच्या पेशी एकत्र जोडून केलेल्या संकरित लाइन्स मिळाल्या तर सोडू नका. २०२१ पासून असं काम प्रसिद्ध होतंय. दोन्ही जीनोम एकाच केंद्रकात असतात, त्यामुळे बॅच बिघडली तरी दोघांनाही सारखीच बिघडते. मला उंदरात जे आवडलं तेच इथे आहे: तुलना एका पेशीच्या आतच होते.

एनओव्हीए१ ची हकिगत दोन्ही बाजूंनी वाचण्यासारखी आहे. २०२१ मध्ये आलिसन मुओत्री यांच्या गटाने या जनुकाचं निअँडरथल रूप मानवी स्टेम पेशींमध्ये घालून ऑर्गनॉइड वाढवले आणि त्यांचा आकार व जोडण्या बदललेल्या दाखवल्या. त्याच वर्षी इतर संशोधकांनी शंका घेतली की क्रिस्परने संपादन करताना काही लाइन्समध्ये जनुकाची एक प्रतच उडाली असावी. मूळ गटाने त्याला उत्तर दिलं. कोण बरोबर हे ठरवायला मी बसलेलो नाही, पण एक प्रत उडालेली साध्या तपासणीत दिसत नाही, हे ऑर्गनॉइडवर जाणाऱ्याने लक्षात ठेवावं. २०२५ मध्ये रॉबर्ट डार्नेल यांच्या गटाने उलटा मार्ग घेतला. मानवी रूप उंदरात घातलं, आणि पिलांच्या व प्रौढ नरांच्या आवाजांत बदल आढळला. दोन रूपांतला फरक एकाच अमिनो आम्लाचा, पण दोन पद्धतींनी दोन वेगळे प्रश्न विचारले.

रोजच्या कामाबद्दल थोडक्यात. स्टेम पेशींना रविवार नसतो, दिवाळीत घरी जायचं तर मीडिया बदलायला कुणाची तरी मनधरणी करावी लागते. उंदरांचं वेळापत्रक प्लग (मादीतली समागमाची खूण) दिसण्यावर चालतं, पण नमुने गोळा केले की काही दिवस मोकळे मिळतात. शस्त्रक्रिया शिकायला वेळ लागतो. सुरुवातीला भ्रूणं गळतात आणि ते पाहणं सोपं नाही. प्राण्यांवर काम करायला मन तयार नसेल तर ऑर्गनॉइड घ्या, हे कारण पूर्ण पुरेसं आहे.

भारतात राहून करणार असाल तर माझा कल आणखी उंदराकडे जातो. प्राण्यांच्या नीतिसमितीची मंजुरी मिळायला वेळ लागतो, पण ती एकदा मिळाली की काम आपल्या हातात असतं. ऑर्गनॉइडचं जेल आणि ग्रोथ फॅक्टर बहुतेक परदेशातून येतात. गोठलेलं पार्सल वाटेत अडकून अर्धवट वितळलेलं हाती आलं की महिन्याचं नियोजन कोलमडतं, हे मी अनुभवलंय. शिवाय उंदराच्या कवचाच्या विकासाचं पक्कं ज्ञान आपल्याकडे आहे. मुंबईत टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) शुभा टोळे यांच्या प्रयोगशाळेने एलएचएक्स२ या जनुकावर वर्षानुवर्षं केलेलं काम या क्षेत्रात सगळीकडे वाचलं जातं.

प्रयोगशाळा निवडण्याआधी भेटीला जाल तेव्हा, ऑर्गनॉइडची असेल तर प्रसिद्ध झालेले आलेख बाजूला ठेवून प्रत्येक बॅचचे वेगवेगळे आकडे दाखवायला सांगा. आनंदाने दाखवले तर खुशाल जा. उंदराची असेल तर शस्त्रक्रिया कोण शिकवणार, आणि ती व्यक्ती आणखी किती महिने तिथे असणार आहे, एवढं विचारून घ्या.