स्पॅममध्ये नव्हता, म्हणून उघडला

मेल इनबॉक्समध्ये आला होता, स्पॅममध्ये नाही. माझी निम्मी सावधगिरी तिथेच गळून पडली.

मी भाषांतराची कामं करते. एका जुन्या ग्राहकाशी मसुद्यावरून पत्रव्यवहार चालू होता आणि त्याच साखळीत त्यांचं उत्तर आलं, 'सुधारित प्रत या लिंकवर आहे.' खाली आमची आधीची सगळी पत्रं. पाठवणाऱ्याचा पत्ता नीट बघावा, 'एम'च्या जागी 'आर' आणि 'एन' शेजारी शेजारी ठेवून फसवतात, हे मला ठाऊक होतं. मी बघितलाही. पत्ता त्यांचाच होता. लिंकही फाइल साठवणाऱ्या एका नावाजलेल्या सेवेची. तिथे 'कागद पाहा' असं बटण, आणि बटणामागे माझ्या मेलच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान.

पासवर्ड जपून ठेवणारा पासवर्ड मॅनेजर एरवी आपणहून पासवर्ड भरतो. त्या दिवशी भरेना. मी वैतागून हाताने टाइप केला. (तो बिचारा पानाचं रूप बघत नाही, पत्ता जुळवतो. त्याला कळलं होतं, मला नाही.) ओटीपी आला, तोही दिला. फाइल काही उघडली नाही. 'उघडत नाहीये' असं मी कळवलं, तर पाच मिनिटांत उत्तर, 'पुन्हा एकदा करून बघा.' चोर त्यांच्या मेलबॉक्समध्ये बसून माझ्याशी बोलत होता, आणि मी मुकाट्याने पुन्हा करून बघितलं.

मग आठवडाभर सगळं शांत. दुसऱ्या एका ग्राहकाकडून येणारे पैसे मात्र येईनात, म्हणून फोन केला.

"अहो, नवा खातेक्रमांक तुम्हीच पाठवलात ना? मी विचारलंसुद्धा, खरंच बदललाय का म्हणून. तुम्ही हो म्हणालात."

त्यांनी मेलवर विचारलं होतं, आणि मेलवर 'हो' म्हणणारी मी नव्हते. सेटिंग्जमध्ये शोधलं तर एक नियम सापडला: या ग्राहकाचा मेल आला की 'वाचलेला' अशी खूण करून तो अर्काइव्हमध्ये टाकायचा. नियमाला नाव म्हणून नुसतं एक टिंब. शिवाय प्रत्येक मेलची एक प्रत कुठल्यातरी अनोळखी पत्त्यावर जात होती. बँकेला लगेच कळवलं, पण रक्कम त्या खात्यातून केव्हाच पुढे गेली होती.

ओटीपी असूनही हे झालं कसं? ते खोटं पान मी दिलेला पासवर्ड आणि ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटला देत होतं, आणि उघडलेलं लॉगिन स्वतःकडे ठेवत होतं. गडबडीत मी पासवर्ड बदलला आणि सुटकेचा श्वास टाकला. नियम आणि फॉरवर्डिंग मात्र जागच्या जागी. पासवर्ड बदलल्याने ते जात नाहीत, हातानेच काढावे लागतात. सगळ्या उपकरणांवरून साइन-आउट करायचं, रिकव्हरीचा फोन आणि पत्ता आपलाच आहे ना ते बघायचं, हेही मला दोन दिवसांनी सुचलं.

स्पॅम फिल्टरवर खूप चिडले होते. नंतर त्या पहिल्या मेलचं हेडर, म्हणजे मेलसोबत येणारी एरवी न दिसणारी नोंद, उघडलं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या पाठवणाऱ्याच्या तपासण्या, तिन्हींपुढे 'पास'. ईमेल ज्या एसएमटीपी नावाच्या पद्धतीने पोचतो ती १९८२ची, आणि पाठवणारा खरा की खोटा हे तपासायची सोय तिच्यात नव्हतीच. या तपासण्या पुष्कळ नंतर आल्या. पत्र त्या डोमेनकडून (पत्त्यात @ नंतर असतं ते नाव) आलं, एवढंच त्या सांगतात. लिहिणारा हात कोणाचा, हे त्यांना कसं कळावं? माझ्या बाबतीत तर खातंही खरं होतं.

तोवर माझ्या खात्यावरून ओळखीच्या सगळ्यांना तसलीच लिंक गेली होती. मी घाईघाईने सर्वांना खुलासा पाठवला, 'ती लिंक उघडू नका.' चोराचा मेल बहुतेकांच्या इनबॉक्समध्ये पोचला होता. माझा खुलासा कित्येकांना स्पॅममध्ये सापडला.